प्रभुभोजनाचं दिव्य

एकोणीसशे अडतीस साल. निजामाच्या कचेऱ्यांत तेव्हा फसली सन तेराशे सत्तेचाळीस चालू होता. आमच्या वस्तीत मात्र त्या सालाला नुसतं 'देऊळ जळालं ते साल' म्हणायचे. माझ्या मायच्या वयाच्या बायका पुढे कितीतरी वर्षं आपल्या लेकरांची वयं त्यावरूनच सांगत. देऊळ जळालं तेव्हा पोटात होता, देऊळ जळालं तेव्हा रांगत होती, असं. मी तेव्हा दहा वर्षांची असेन.

डोंगरकड्याच्या बाजारापासून थोडं आत, ओढ्याच्या काठाला आमची वस्ती होती. माझे वडील, सोनाजी मास्तर, मिशनच्या शाळेत मुलांना शिकवत आणि रविवारी उपासना चालवत. वस्तीतली थोडीच घरं ख्रिस्ती झाली होती. त्या घरांनी मेलेली जनावरं ओढणं सोडलं, म्हणून गावचे व्यंकटराव पाटील नाराज. त्यांनी भावकीतले देव सोडले, म्हणून भावकी नाराज. भावकीनं आपल्या विहिरीवर आम्हाला बंदी केली, तेव्हा मिशननं आमच्यासाठी वेगळी विहीर खोदून दिली. त्यामुळे आमच्याकडे कुणाला मंडळीतून काढणं म्हणजे नुसतं रविवारी येऊ नको म्हणणं नव्हतं. ते विहिरीवरून काढणं होतं. ओढ्याचं पाणी होळीपर्यंत टिकायचं. मग वाळू उकरून झरे काढावे लागत, आणि त्या झऱ्यांवर भावकीच्या बायका घागरी मांडून बसलेल्या असत. विहिरीवरून काढलेल्या माणसाला उन्हाळ्यात गाव सोडण्यावाचून दुसरं काही उरत नसे.

देऊळ म्हणजे उपासनेचं घर, मातीच्या चार भिंती आणि वर गवताचं छप्पर. पण ते आमचं होतं.

बाबांना न्यायाच्या दिवसावर बोलायला फार आवडे. एरवी त्यांचा आवाज बारीक, पण तो विषय निघाला की ओढ्यापलीकडे ऐकू जायचा. "तिथं पेशकार नाही, वकील नाही, कुणाच्या हातात काही सरकवता येत नाही," ते सांगत. "प्रभू सिंहासनावर बसेल आणि मेंढपाळासारखा कळप वेगळा करील. मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे. डावीकडच्यांसाठी कधी न विझणारी आग."

एकदा चंदाबाई मध्येच उभी राहिली. तिच्याकडे शेळ्या होत्या आणि जिभेला हाड नव्हतं. "मास्तर, शेरडांनी काय केलं वो देवाचं?"

"चंदाबाई, ही उपमा आहे."

"उपमा असू द्या. पन मेंढरू नुसती लोकर देतं. माझी शेळी दोन्ही वखत दूध देती. मंग डावीकडं मेंढरं हाणा म्हणावं की."

सगळे हसले. बाबाही ओठ मुडपून हसले, पण पुढच्या रविवारी त्यांनी तोच विषय आणखी जोरात घेतला. बाबा खोटे नव्हते. दुष्टाला जाब द्यावाच लागेल, ह्या एका भरवशावर ते पाटलाच्या दारातून मान ताठ ठेवून जात. त्या वस्तीत तो भरवसा सगळ्यांनाच हवा होता.

त्याच थंडीत मनकर्णामावशीच्या शालूला ताप आला. मनकर्णामावशी विधवा होती. रोजानं शेतावर जायची, आणि शालूवाचून तिला कुणी नव्हतं. शालू माझी मैत्रीण. ताप उतरेना. बाबा जाऊन तिच्या उशाशी प्रार्थना करून आले. मिशनच्या दवाखान्यातून आणलेली पुडी संपली. एका संध्याकाळी मनकर्णामावशीनं मरीआईच्या ओट्यावर दिवा लावला. शालू पुढे बरी झाली, पण दिवा देवलानं पाहिला होता. देवला आमच्या मंडळीतला पंच. वस्तीत कोण काय करतं हे त्याला सगळ्यांच्या आधी कळायचं.

रविवारी बाबा नाव न घेता बोलले. "प्रभूच्या मेजावर बसायचं आणि मरीआईपुढं दिवा लावायचा, अशा माणसानं आपली जागा डावीकडे आहे हे समजून असावं. तिथली आग विझत नाही."

मनकर्णामावशी उठली. शालू तिच्या कडेवर होती, एवढी मोठी पोर, पण अजून पायांत जोर नव्हता. "मास्तर, नाव घेऊन बोला. दिवा म्या लावला. तुमी प्रार्थना केली अन् घरी गेले. लेकरू माझ्या मांडीवर फणफणून राहिलं व्हतं. तिच्यासाठी मी कोणाचं बी दार ठोठावीन. अन् मला आगीचं भ्याव दाखवू नका. आग काय, कोणाच्या बी छपराला लागती."

असं बोलून ती बाहेर पडली.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल. ज्वारीची काढणी जोरात होती, सगळी वस्ती शेतावर गेलेली. बाबा बाजाराला गेले होते. भर दुपारी देवळाच्या छपरानं पेट घेतला. आम्ही धावत आलो तोवर वासे खाली आले होते. भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या, आतून काळ्या. मेजावर ठेवलेली प्रभुभोजनाची चिनी मातीची सुरई फुटून गेली होती, तिचे तुकडे पुढे मी आणि शालूनं वेचले.

त्या दुपारी वस्तीत मनकर्णामावशी एकटीच होती. शालूजवळ.

पहिल्या दिवशी लोक पाटलाचं नाव कुजबुजत होते. दुसऱ्या दिवशी भावकीचं. पाटलाला विचारायची कुणाची छाती नव्हती, आणि भावकीला विचारलं असतं तर डोकी फुटली असती. मग तिसरं नाव निघालं, आणि ते नाव उच्चारायला कुणालाच भीती नव्हती.

"तिनं सांगूनच लावली," देवला म्हणाला. "भर देवळात सांगितलं न्हाई का, आग कोणाच्या बी छपराला लागती म्हणून?"

तेव्हा घरोघरी काडीपेटी नसे. सकाळी ज्याच्या चुलीत निखारा राहिलेला असेल त्याच्याकडून बाया विस्तव मागून नेत. गोवरीच्या तुकड्यावर निखारा ठेवायचा आणि पदराआड धरून घरी न्यायचा. मनकर्णामावशीला कुणी विस्तव देईना. "तिला आन् आग द्यायची?" असं म्हणून बाया हसत, आणि हसताना एकमेकींकडे बघून घेत. पुढे पुढे तर कुणालाच कुणी विस्तव देईना. जो मागायला येईल त्याच्या हाताकडे लोक बघत. मी विस्तव आणायला चंदाबाईकडे गेले तेव्हा तिनंही विचारलं, "पोरी, तुझ्या बापानं धाडलं का मायनं? खरं सांग." का विचारलं हे मला आजही कळलेलं नाही.

माझी माय, पार्वतीबाई, फार बोलणारी नव्हती. पण एकदा ती बाबांना म्हणाली, "देवळाच्या मागच्या भिंतीला टेकून देवला चिलीम ओढतो. त्याचं कुणी नाव काढत नाही."

"त्यानं चिलीम सोडली आहे. मंडळीसमोर शपथ घेऊन सोडली."

"व्हय. शपथ घेऊन," माय म्हणाली आणि पीठ मळू लागली.

बाबांनी वहाणांकडे पाहिलं. मला वाटलं ते उठून देवलाकडे जातील. ते गेले नाहीत.

देवलाच आमच्या ओसरीवर आला, चार माणसं घेऊन. हिंगोलीहून उत्तमराव पाळक, मिशनचे धर्मगुरू, येणार असा निरोप आला होता. प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण, ते देण्याचा अधिकार पाळकांनाच. बाबा नुसते मास्तर, त्यांना तो नव्हता. म्हणून पाळक वर्षातून एकदा-दोनदा येत आणि तेव्हाच आम्हाला भाकर आणि पेला मिळे.

"मास्तर," देवला म्हणाला, "आपल्या जुन्या रीतीत असं काही झालं का देवाचा बेलभंडारा उचलून शपथ घ्यायला लावत. खोटं बोलला का त्याच्या घरावर यायचं. ते आपन सोडलं. चांगलं झालं. पन तुमीच मागं सांगितलं न्हवतं का, का जो मनात पाप ठेवून प्रभूची भाकर खातो, तो आपला दंडच खातो म्हणून?"

"सांगितलं होतं."

"मंग ह्याच्याएवढं मोठं दिव्य कोणतं? पाळकबुवा येऊन राहिले. मनकर्णाला भाकर देऊ द्या, पेला देऊ द्या. ती खरी असंल तर काही व्हनार न्हाई. खोटी असंल तर देव दाखवंल."

"देवला, त्या वचनाचा तसा अर्थ नाही. तो दंड शेवटच्या दिवसाचा आहे. आत्म्याचा आहे."

"शेवटच्या दिवसापर्यंत आमी बिनछपराचं बसावं काय?"

चौघे हसले. इतकी वर्षं ज्या न्यायाबद्दल ते ओरडून सांगत होते, तो लोकांनी आज हातात मागितला होता आणि नाही कसं म्हणावं हे त्यांना सुचेना. लोकांनी त्यांच्या गप्प बसण्याचा होकार धरला. जाताना देवला म्हणाला, "दोषी निघाली तर विहिरीवरून उठली. हे आताच ठरलं."

मनकर्णामावशीला हे कळलं तेव्हा ती आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. ओसरी चढली नाही. "घेईन मी," ती म्हणाली. "म्या आग लावली न्हाई तर मला भ्याव कशाचं?" तिचा त्या दिव्यावर देवलाइतकाच विश्वास होता. तो तिच्या तोंडावर दिसत होता, म्हणून मायला जास्त काळजी वाटली असावी.

त्या दिवसांत शालू मागच्या दारानं आमच्याकडे येऊन जेवायची. माय तिच्या मायसाठीही भाकर बांधून द्यायची, ती भाकर परत यायची. "लेकराला चालतं म्हणावं. माझा निकाल लागला का मी जेवीन," असा निरोप असायचा. चूल पेटत नव्हती आणि निकाल लागायचा होता. शेवटी ती नुसत्या पाण्यावर होती.

प्रभुभोजनाला आम्ही द्राक्षारस म्हणत असू, पण खरा द्राक्षारस कुठून येणार? बाजारातून मनुका आणायच्या, धुवून रात्रभर पाण्यात भिजत घालायच्या आणि सकाळी कुस्करून गाळायच्या. हे काम मायचं. दरवेळी ती चिनी मातीच्या सुरईत भिजवायची. ह्या वेळी सुरई फुटलेली. घरातलं मोठं भांडं म्हणजे पितळेची तपेली, तिच्यात तिनं मनुका घातल्या आणि गाळलेला रसही परत तिच्यातच ओतला.

रविवारी उत्तमराव पाळक बैलगाडीनं आले. उंच, थकलेले, सतत घाम पुसणारे गृहस्थ. उपासना जळक्या देवळाशेजारच्या लिंबाखाली झाली. त्यांनी भाकर मोडली आणि एकेकाला पेला दिला. मी लहान म्हणून मला पेला नव्हता, पण मी मायजवळ बसून सगळ्यांची तोंडं बघत होते. सगळेच एकमेकांची तोंडं बघत होते. घोट घेताना कुणी डोळे मिटले तरी लोक मनात काहीतरी टिपून ठेवत. काहींनी तोंड वाकडं केलं, पण प्रभूचा पेला आंबट लागला तर कोण बोलणार?

मनकर्णामावशी सगळ्यांच्या शेवटी. मायनं तपेलीतलं उरलंसुरलं पेल्यात ओतलं. पाळकांचा नियम असा की पेल्यात काही उरू द्यायचं नाही, शेवटच्या माणसानं तो रिकामा करायचा. मनकर्णामावशीनं दोन्ही हातांनी पेला धरला आणि सगळा पिऊन टाकला. मग आपल्या जागी जाऊन ताठ बसली.

गीत सुरू झालं. दुसऱ्या कडव्यात ती वाकली. तोंडावर पदर धरून उठायला गेली, पण पोहोचली नाही. जळक्या भिंतीशी ओकली.

गीत थांबलं.

"बाईला पाणी द्या," पाळक म्हणाले. "आजारी दिसते."

कुणी हललं नाही. देवला उठला. "पाळकबुवा, आजारी न्हाई ती. देवानं दाखवलं. समद्यांनी बघितलं."

"काय दाखवलं?" पाळकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा खाली बघत होते.

तेवढ्यात दोघेजण विहिरीकडे गेले. मनकर्णामावशीची घागर त्यांनी काठावरून उचलली, ओढ्याच्या वाटेवर नेली आणि पालथी घालून ठेवली. शालू घागरीमागे धावली आणि तिथंच बसून राहिली.

माय मनकर्णामावशीजवळ गेली. मी तिच्या मागे. मावशीचं तोंड पांढरं पडलं होतं. तिनं मायचा हात धरला आणि फार हळू विचारलं, "मास्तरीणबाई, म्या आग लावली न्हाई. शालूची आण. पन मंग हे काय झालं? दिवा लावला त्याचाच दंड असंल का? का म्याच लावली अन् मला ठावं न्हाई?"

आपण न केलेल्या गोष्टीबद्दल माणूस स्वतःवरच संशय घेऊ लागतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मायनं मावशीच्या पदरावर पडलेला डाग बघितला, नाकाशी नेला आणि तपेली उचलून तरातरा घरी निघाली.

घरात येऊन तिनं तपेली उजेडात धरली. तळाशी गाळण्यातून सुटलेला मनुकांचा चोथा आणि थोडं पाणी होतं. काठाला आणि तळाला हिरवी कड आली होती. मायनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट राहिलं की ते कळकतं. ताक कळकतं, चिंचेचं सार कळकतं, हे आमच्याकडे लहान पोरीलाही ठाऊक असतं. कादर कल्हईवाला दर दिवाळीनंतर यायचा, त्या साली तो आलाच नव्हता. सुरई फुटली त्या गडबडीत मायच्या हे ध्यानात आलं नव्हतं. वरवरचा घोट घेणाऱ्यांना तो नुसता तुरट लागला. तळाचं, सगळ्यात कळकलेलं, सगळंच्या सगळं मनकर्णामावशीच्या उपाशी पोटात गेलं.

बाबा पाळकांना हातपाय धुवायला पाणी देऊन आत आले होते. मायनं त्यांच्यापुढे तपेली धरली.

"कळकलंय. बघा."

बाबांनी वास घेतला. त्यांचा चेहरा बदलला. मग ते दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "आता काही बोलू नको. प्रभूच्या पेल्यात मास्तरणीनं विष दिलं म्हणतील. पाटलाच्या कानावर गेलं तर पोलीस येतील. मिशन शाळा बंद करील."

"म्हणू द्या."

"मी पाळकांना एकांतात सांगतो. हळूहळू लोकांना समजावू."

"अहो, घागर आज पालथी घातली," माय म्हणाली. "उद्या सकाळी पाणी लागेल तिला." आणि ती तपेली घेऊन बाहेर पडली.

लोक अजून लिंबाखाली होते. सगळ्यांचं मिळून जेवण व्हायचं होतं. माय मध्ये जाऊन उभी राहिली. तिला चार माणसांत बोलायची सवय नव्हती. "देवानं काही दाखवलं न्हाई. माझ्या तपेलीची कल्हई गेली व्हती. मनुका कळकल्या. मनकर्णानं कळकलेलं प्यायलं म्हणून ओकली. चूक माझी हाय."

"मास्तरीणबाई," देवला म्हणाला, "तुमची तिची मैतरकी आमाला ठावं हाय. पोरगी तुमच्याकडं जेवती. तिला वाचवायला तुमी काय बी सांगाल."

मायनं तपेली तोंडाला लावली आणि चोथ्यातल्या उरलेल्या पाण्याचा मोठा घोट घेतला. निम्मं तळाशी राहिलं असेल. ती तशीच उभी राहिली. मी तिच्या पदराला धरून रडायला लागले. थोड्या वेळात तिच्या कपाळावर घाम आला, ती बाजूला झाली आणि मनकर्णामावशी जिथं ओकली होती तिथंच ओकली.

मला वाटलं, आता झालं. आता सगळ्यांना कळलं.

"म्हंजे दोघी मिळून व्हत्या तर!" देवला ओरडला. "बघा रे, दुसरी बी सापडली!"

आणि लोकांत खरोखर कुजबुज सुरू झाली. एकजण म्हणाला की त्या दुपारी मास्तरीण शेतावर जरा उशिरा आली होती. दुसरा म्हणाला, सुरई तिच्याच ताब्यात असते. माय भिंतीला हात टेकून हे ऐकत होती. त्या लोकांना शास्त्र शिकवताना बाबांनी किती वर्षं घालवली होती, आणि त्यांना त्यातलं फक्त बोट दाखवणं आलं होतं.

तेवढ्यात चंदाबाई उठली. "आरं देवला, माझी सासू कळकलेलं ताक पिऊन दिवसभर ओकली व्हती. तवा तिनं कोणतं देऊळ जाळलं व्हतं रे?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"हसू नका," देवला म्हणाला. "ताक येगळं, प्रभूचा पेला येगळा. पापी असंल त्यालाच हे बाधतं."

बाबा गर्दीतून पुढे आले. ते केव्हा येऊन उभे होते मला माहीत नाही. त्यांनी मायच्या हातून तपेली घेतली आणि देवलासमोर धरली. "देवला, ह्यात अजून घोटभर आहे. पापी असेल त्यालाच बाधतं ना? तू निर्दोष आहेस. तू घे."

देवला तपेलीकडे बघत राहिला. हिरवी कड सगळ्यांना दिसत होती.

"घे की रं," चंदाबाई म्हणाली.

"कळकलेलं काहून पिऊ मी?" देवला म्हणाला.

बोलल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. ह्या वेळी कुणी हसलं नाही. बाबांनी तपेली जमिनीवर ठेवली आणि म्हणाले, "शालू, घागर घेऊन ये गं. विहिरीवर ठेव."

पण लोकांच्या डोक्यात एकदा शिरलेलं वारं असं निघत नाही. ते नुसतं दिशा बदलतं. मागून कुणीतरी म्हणालं, "न प्यायला का भ्यायला? ह्यानंच लावली असंल." दुसरा म्हणाला, "चिलीम वढतो मागं बसून, म्या बघितलंय." तिसऱ्यानं विहिरीकडे बघून विचारलं, "मंग ह्याची घागर ठेवायची का न्हाई?" देवलाच्या बायकोनं आपलं लेकरू जवळ ओढलं. माझ्या मायकडे मघाशी बघत होते तेच डोळे आता देवलाकडे बघत होते.

मनकर्णामावशी भिंतीशी बसली होती, ती उठली. तिला धड उभं राहता येत नव्हतं. "त्याची घागर कोणी हलवायची न्हाई," ती म्हणाली. "कळकलेलं पानी पिलं न्हाई म्हंजे काय आग लावली? मी पिऊन बी लावली न्हवती." मग ती देवलाकडे वळली. "तुला बी लेकरं हाईत. उन्हाळ्यात कुठं नेशील त्यांना?"

देवला वळून घरी गेला.

जेवायला बसण्यापूर्वी उत्तमराव पाळकांनी सगळ्यांना पुन्हा बसवलं. ते चिडलेले नव्हते, फार दमलेले दिसत होते. "न्यायाचा दिवस आहे," ते म्हणाले. "ज्यानं हे छप्पर पेटवलं त्याला त्या दिवशी उभं राहावं लागेल, तो पाटील असो, पंच असो, नाहीतर पाळक असो. ह्याबद्दल मनात शंका ठेवू नका. पण ती कचेरी त्याची आहे. तिथं आपण चपराशीसुद्धा नाही. आपल्याला पुकारा करायला कुणी ठेवलेलं नाही. आपलं नाव पुकारलं जाईल तेव्हा जाब द्यायचा, एवढंच आपलं काम." मग त्यांनी बाबांकडे वळून हळूच विचारलं, "मास्तर, तुम्हाला हे ठाऊक होतं. तुम्ही कसं चालू दिलं?"

"माझीच शिकवण होती," बाबा म्हणाले. "अर्धीच दिली होती."

त्या संध्याकाळी मायनं गोवरीवर निखारा घेतला, मनकर्णामावशीच्या दारात नेला आणि तिची चूल स्वतः पेटवून दिली. मी बघत होते. दारादारांतून इतर बायाही बघत होत्या, पण त्या दिवशी त्यांच्यातली कुणी पुढे आली नाही. चंदाबाई तेवढी शेळीचं दूध घेऊन आली, तेही दुसऱ्या दिवशी.

आग कुणी लावली हे शेवटपर्यंत कळलं नाही. पाटलाच्या माणसांनी, भावकीनं, देवलाच्या चिलमीतल्या ठिणगीनं, की कोरड्या गवतावर उन्हानंच, देव जाणे.

उत्तमराव पाळक आणखी दोन वर्षं आमच्याकडे येत राहिले. मग त्यांना हिवतापानं गाठलं आणि ते हिंगोलीत वारले. व्यंकटराव पाटील म्हातारपणापर्यंत जगले. मरण्याआधी त्यांची दोन्ही मुलं वेगळी निघाली आणि वाटणीवरून कचेरीत गेली. देवला त्याच उन्हाळ्यात रेल्वेच्या कामावर पूर्णेला निघून गेला. विहिरीवरून त्याला कुणी उठवलं नव्हतं, पण लोक त्याच्याकडे बघत त्या नजरेत त्याला राहवलं नसावं. त्याचा धाकटा मुलगा पुढे मास्तर झाला. चंदाबाई दोन शेळ्या आणि सहा नातवंडं मागे ठेवून गेली. शेवटच्या आजारपणातही मेंढरं आणि शेरडांवरून ती बाबांशी भांडत होती. कादर कल्हईवाला पुढच्या सालापासून पुन्हा दर साली यायचा. पोलीस ॲक्शननंतर तो दिसला नाही. कुणी म्हणे हैदराबादला गेला, कुणी दुसरंच सांगे.

बाबांनी उपदेश करणं सोडलं नाही. न्यायाच्या दिवसावरही ते बोलत, पण त्यानंतर त्या विषयावर बोलताना ते समोरच्या कुणाकडे बघत नसत, जमिनीकडे बघून बोलत. अठ्ठेचाळीस साली, निजामाचं राज्य गेलं त्याच थंडीत, शाळेच्या ओसरीवर बसल्या बसल्या ते गेले. माय त्यांच्यानंतर वीस वर्षं माझ्याकडे होती.

शालू पुसेगावला दिली. तिला चार मुली झाल्या, थोरलीचं नाव तिनं पार्वती ठेवलं. मनकर्णामावशी म्हातारपणी लेकीकडे राहायला गेली आणि तिथंच वारली. पुसेगावला तेव्हा ख्रिस्ती घरं दोनच होती, पाळक मिळाला नाही. माझा नवरा आणि शालूचा नवरा, दोघांनी मिळून तिला मूठमाती दिली. प्रार्थना मी म्हटली.